धातुशास्त्राचे दार कोणाकोणासाठी?

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी बेळगाव-कोल्हापूर भागातील बाजाराच्या गावी रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पाले उतरतात. ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असेल. घरधनी ऐरणीपाशी बसून सांडशीत तापलेला फाळ धरतो, एखादे पोर भाता हलवीत असते आणि समोर पदर खोचून उभी राहिलेली बाई दोन्ही हातांनी घण उचलून नेमक्या जागी घालते. घाव हुकला तर नवऱ्याचा हात जायचा. परंतु तो हुकत नाही. विळा किंवा कुऱ्हाड घडून झाली की शेवटी तिच्या धारेला ‘पाणी’ दिले जाते, म्हणजे तापलेली धार पाण्यात बुडवून ती कठीण केली जाते. शेतकरी दोन पैसे देतो, हत्यार उचलतो आणि घरी जातो. घण बाईने मारला म्हणून विळा कमी प्रतीचा आहे, अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

तथापि पोलादाचा कारखाना, ओतशाळा, खाण अथवा धातूंची प्रयोगशाळा यांत नोकरी करण्याचा विषय निघाला, की ‘हे मुलींचे काम नव्हे’ असे उद्गार आजही सहज निघतात. पालक तसे म्हणतात, शिक्षक म्हणतात, प्रसंगी मुलाखत घेणारे अधिकारीही म्हणतात. ही अडचण मुलींपुरतीच मर्यादित आहे असेही नाही. खेड्यातील शाळेत मातृभाषेतून शिकलेला विद्यार्थी, परंपरेने लोखंडाचे काम करणाऱ्या घरातील मूल, हातापायाने किंवा कानाने अधू असलेला उमेदवार, या सर्वांना हे क्षेत्र आपले नव्हे असेच वाटत आले आहे. या मंडळींना बाहेर ठेवणाऱ्या गोष्टी बहुतांशी कामाच्या वेळा, नियम, भाषा आणि साध्या सोयी यांच्याशी निगडित आहेत. त्यांच्या कुवतीशी त्यांचा संबंध फार थोडा आहे. हे काही प्रत्यक्ष उदाहरणांनी दाखवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाणी देणे म्हणजे काय?

प्रथम या शास्त्राची थोडी ओळख करून घेऊ. पोलाद म्हणजे लोखंडात अल्प प्रमाणात, शेकडा दोनपेक्षाही कमी, कार्बन मिसळून झालेला धातू. तो लालभडक तापविला म्हणजे लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि तिच्यात कार्बनचे अणू सामावून जातात. सावकाश निवू दिल्यास कार्बन पुन्हा वेगळा होतो व पोलाद मऊ राहते. एकदम पाण्यात बुडविल्यास मात्र कार्बनला बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही; तो आत अडकतो, अणूंची मांडणी ताणली जाते आणि पोलाद अत्यंत कठीण, परंतु ठिसूळ होते. म्हणून कसबी लोहार पाणी दिल्यानंतर धार पुन्हा बेताने तापवितो आणि तिच्यावर चढणाऱ्या रंगाकडे लक्ष ठेवतो. फिकट पिवळा रंग सुमारे २३० अंश सेल्सियसला येतो, जांभळा सुमारे २८० अंशांना आणि निळा ३०० च्या आसपास. वस्तऱ्याला कोणता रंग हवा आणि कमानीला कोणता, हे त्याला वडिलांकडून ठाऊक झालेले असते.

लोहार रंगावरून जे ओळखतो, ते धातुशास्त्रज्ञ तापमापक, सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण यांच्या साहाय्याने मोजतो. हीच दृष्टी पुढे धातूंपलीकडे काच, सिमेंट, चिनी माती, प्लॅस्टिक, विजेच्या घटांतील द्रव्ये आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील सिलिकॉन यांनाही लावण्यात आली. या विस्तारलेल्या शास्त्रास मटेरियल्स सायन्स असे नाव रूढ झाले. पूल, आगगाडीचे रूळ, गुडघ्याचा कृत्रिम सांधा, मोटारीतील बॅटरी यांपैकी कशासाठी कोणता पदार्थ वापरावा आणि तो किती दिवस टिकेल, हे सांगणारा मनुष्य म्हणजे या शास्त्राचा अभियंता होय.

मध्येच दुभंगलेली जहाजे

गोव्यात वास्को येथे जहाजे बांधली जातात, तेव्हा जहाजांचेच एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘लिबर्टी’ नावाची मालवाहू जहाजे मोठ्या संख्येने बांधली. त्यांची एकूण संख्या २,७०० च्या वर गेली. वेळ वाचावा म्हणून पत्रे रिव्हेटने न जोडता वेल्डिंगने सांधण्यात आले. थोड्याच काळात विपरीत प्रकार घडू लागले. थंड समुद्रात काही जहाजांना अकस्मात तडे गेले. ‘स्केनेक्टडी’ हे तेलवाहू जहाज १६ जानेवारी १९४३ रोजी ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे धक्क्याला उभे असताना, वादळ नाही की टक्कर नाही, अशा स्थितीत मधोमध दुभंगले. सारा दोष वेल्डिंगवर व ते करणाऱ्या कामगारांवर ढकलण्यात येऊ लागला. (युद्धकाळात या कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी होती, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.)

या प्रश्नाचा उलगडा इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात झाला आणि तो प्रामुख्याने कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने केला. टिपरबाईंचा जन्म १८९४ चा. विवाहापूर्वी त्यांचे आडनाव एलम होते. प्रसिद्ध शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांच्यासह १९२३ साली त्यांनी ॲल्युमिनियमचा एकच एक स्फटिक ताणला असता तो कसा विरूपित होतो, याविषयी मूलभूत स्वरूपाचे संशोधन प्रसिद्ध केले होते. महायुद्धात पुरुष अध्यापक लष्करी कामासाठी निघून गेले, तेव्हा अभियांत्रिकी विभागातील अध्यापनाचा भार त्यांच्यावर आला. जहाजांच्या तुटलेल्या पत्र्यांचे परीक्षण करून त्यांनी दाखवून दिले, की दोषाचे मूळ पोलादातच आहे. नेहमीच्या हवेत जे पोलाद ताणले असता लांबते, तेच एका ठरावीक तापमानाच्या खाली गेले म्हणजे काचेसारखे तडकते. वेल्डिंगने एवढेच केले होते, की संपूर्ण जहाज एकसंध झाल्यामुळे एकदा निघालेल्या तड्याला अडविणारी कडच उरली नव्हती. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या काठाशी थांबत असे. पोलादाचा हा गुण तपासण्यासाठी त्यांनी बसविलेली कसोटी ‘टिपर कसोटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. थंड प्रदेशात वापरावयाचे पोलाद किती अंशांपर्यंत चिवट राहते, हे आज जे आधी तपासून पाहिले जाते, त्यामागे या प्रकरणाचा धडा आहे.

आता त्यांच्या स्वतःच्या स्थितीकडे पाहावे. टिपरबाई केंब्रिजमध्येच शिकल्या होत्या. परंतु त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साली प्रारंभ केला. म्हणजे दुभंगलेल्या जहाजांचे कोडे सोडविणाऱ्या व पुरुष विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी शिकविणाऱ्या या बाईंना त्यावेळी त्या विद्यापीठाची पूर्ण पदवी मिळू शकत नव्हती! १९४९ साली त्यांना रीडरचे पद देण्यात आले. अभियांत्रिकी विभागात पूर्ण वेळ काम करणाऱ्या त्या तेव्हा एकमेव स्त्री होत्या. जागा रिकाम्या पडल्या म्हणून दार उघडले, हे खरे. पण ते उघडले नसते तर जहाजे आणखी किती दिवस बुडत राहिली असती, हा हिशेब कोणी मांडलेला नाही.

हिऱ्यांचा प्रबंध

आपल्या देशातही असेच घडले. इंदूर येथे जन्मलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेल्या डॉ. कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागण्यास गेल्या, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रथम नकार दिला. त्यांनी आग्रह सोडला नाही, तेव्हा एक वर्ष उमेदवारी करावी, काम समाधानकारक ठरेपर्यंत प्रवेश अधिकृत मानला जाणार नाही, अशा अटींवर त्यांना घेण्यात आले. त्यांचा विषय जीवरसायनशास्त्र होता. तरी त्यांच्यामुळे त्या संस्थेची वाट इतर मुलींना खुली झाली.

त्याच संस्थेत १९४० साली केरळातील ॲना मणी शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाल्या. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांचा अभ्यास केला. स्फटिकात अल्प प्रमाणात असलेली अशुद्धी किंवा रचनेतील वैगुण्य त्याच्या गुणधर्मावर कसा परिणाम करते, हा तर आजच्या पदार्थविषयक शास्त्राचा गाभाच आहे. छायाचित्राच्या काचेवर एक वर्णपट उमटविण्यासाठी पंधरा-वीस तास लागत, त्यामुळे अनेकदा रात्र प्रयोगशाळेतच काढावी लागे. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी स्वतःच्या एकटीच्या नावाने पाच निबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ च्या ऑगस्टमध्ये मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. त्यांच्यापाशी एम.एस्सी.ची पदवी नाही, या कारणास्तव विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. त्यांच्या पदरी बी.एस्सी. ऑनर्स आणि इतके संशोधन होते, याचा विचार झाला नाही. तो बांधीव प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. पुढे ॲना मणी इंग्लंडला जाऊन हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेऊन आल्या. भारतीय हवामान खात्याच्या पुणे येथील कार्यालयात त्यांनी उपकरणे देशातच तयार करविण्याचे जे काम केले ते सर्वश्रुत आहे. हवामानशास्त्राचा लाभ झाला. हिऱ्यांचे संशोधन मात्र तेथेच थांबले.

नियम वाचून दाखविणाऱ्या कारकुनाचा यात दुष्ट हेतू असेल असे नाही. बहुतेक वेळा तो नसतोच. म्हणूनच असे अडसर दिसत नाहीत आणि दूर होण्यास फार काळ जातो.

रात्रपाळीचा प्रश्न

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रात्रपाळीविषयीचा कायदा. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने कारखान्यांत स्त्रियांना रात्री कामास लावू नये असा ठराव केला. गिरण्यांतून स्त्रियांना रात्रभर राबविले जात असे, त्या काळी हा ठराव उपकारकच होता. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमातील ६६ व्या कलमाने स्त्री कामगारांसाठी सकाळी ६ ते सायंकाळी ७ ही वेळ ठरवून दिली. १९५२ च्या खाण अधिनियमाने भूमिगत खाणीत स्त्रियांना बंदीच केली आणि जमिनीवरील कामासही तीच वेळ लागू केली.

परंतु भट्टीला सायंकाळचे सात वाजलेले कळत नाहीत. पोलादाची भट्टी पेटल्यावर ती अनेक महिने, वर्षेही, अखंड चालते. ती थंड करणे म्हणजे तिचे अस्तर गमावणे. नव्या अभियंत्याला तिन्ही पाळ्यांत उभे केले जाते, कारण कच्च्या मालाचा फेर, विजेचा दाब, यंत्राचा बिघाड या गोष्टी रात्रीच अधिक शिकवून जातात. पाळीप्रमुख झाल्याखेरीज पुढे विभागप्रमुख होता येत नाही. म्हणजे कायद्याने संरक्षण दिले ते रात्रीच्या पाळीपासून, आणि प्रत्यक्षात बंद झाला तो बढतीचा सारा मार्ग. ‘आमच्याकडे रात्रपाळी असते’ एवढे एकच वाक्य मुलीचा अर्ज बाजूला ठेवण्यास पुरेसे होऊ लागले.

मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली कारखाना अधिनियमातील ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. खाणींच्या बाबतीत केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये अधिसूचना काढली. लेखी संमती असल्यास आणि एका पाळीत किमान तीन स्त्रिया असल्यास उघड्या खाणीत रात्रीही काम देता येईल, तसेच तांत्रिक व देखरेखीच्या कामासाठी दिवसा भूमिगत खाणीतही जाता येईल, असे तिच्यात नमूद केले. त्याच वर्षी झारखंडातील नोआमुंडी येथील टाटा स्टीलच्या लोहखनिज खाणीत सर्व पाळ्यांतून स्त्रियांना नेमण्यास सुरुवात झाली. संसदेने २०२० साली मंजूर केलेली व्यवसायविषयक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. तिच्या ४३ व्या कलमानुसार स्त्रियांना सर्व प्रकारच्या आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामासाठी नेमता येते आणि सकाळी ६ पूर्वी व सायंकाळी ७ नंतरच्या कामासाठी त्यांची संमती तसेच सुरक्षिततेच्या विहित अटींचे पालन आवश्यक असते. संमती हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ती न देणाऱ्या स्त्रीची बढती अडणार असेल तर तिला संमती म्हणता येणार नाही, याकडे संबंधित अधिकाऱ्यांनी लक्ष पुरविले पाहिजे. आणि रात्री दोन वाजता पाळी सुटल्यावर ती घरी कशी पोहोचणार, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ते मोटारीच्या सोयीत आहे.

कारागिराचे ज्ञान आणि पुस्तकाची भाषा

बेळगाव हे ओतकामाचे मोठे केंद्र आहे. तेथील उद्यमबागेतील व परिसरातील ओतशाळांतून यंत्रांचे व मोटारींचे सुटे भाग ओतले जातात. ओतकामात पोकळ भागासाठी वाळूचा ‘कोअर’ करावा लागतो. वाळू किती बारीक, तिला बांधणारे द्रव्य किती, भाजणे किती, यांत थोडी चूक झाली तरी ओतीव भागात पोकळ्या राहतात. हे नाजूक काम अनेक ओतशाळांतून स्त्रिया करतात. त्या वाळू हातात घेऊन ती बिघडली आहे हे सांगू शकतात. पण तीच वाळू जेथे तपासली जाते त्या प्रयोगशाळेच्या खुर्चीवर त्यांना बसविण्याचा विचार क्वचितच होतो. आयटीआय किंवा पदविका यांची एक पायरी मध्ये बांधली तर हे अंतर फार नाही.

भाषेचा अडसर असाच आहे. आपल्याकडे मूस, भाता, ऐरण, पाणी, झाळणे, कल्हई असे धातुकामाचे नेमके शब्द शेकडो वर्षांपासून आहेत. महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी मात्र विद्यार्थ्याला त्यांतील एकही शब्द ऐकू येत नाही. वडोदऱ्याला महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह धरला. गज्जर स्वतः सुतारांच्या घराण्यातील होते, हे येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. ते कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखेत समाविष्ट असून तेथे धातुशास्त्राचाही विभाग आहे. अलीकडील उदाहरण द्यावयाचे तर २०२२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी प्रथमच एका स्त्रीची, डॉ. एन. कलैसेल्वी यांची, नेमणूक झाली. लिथियम बॅटरीतील पदार्थ हा त्यांच्या संशोधनाचा विषय, आणि त्यांचे शालेय शिक्षण तमिळ माध्यमातून झालेले आहे.

दिव्यांग उमेदवारांच्या बाबतीत तर यंत्रेच पुष्कळ अंशी मदतीला आली आहेत. पूर्वी सूक्ष्मदर्शकावर तासन् तास वाकून पाहावे लागे. आता धातूची रचना पडद्यावर दिसते. चाकांच्या खुर्चीवरील माणसाला ते काम करण्यास टेबलाची उंची तेवढी बदलावी लागते. कानाने अधू असलेल्या कामगारासाठी भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा बसविला की पुरे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार शासकीय व शासनाचे साहाय्य मिळणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि शासकीय आस्थापनांत किमान ४ टक्के पदे राखून ठेवणे बंधनकारक आहे. जागा राखीव असून प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आणि उद्वाहक नाही, अशी अवस्था असेल तर त्या राखीवपणाला काय अर्थ उरतो?

साध्या वस्तूंचाही विचार व्हावा. ओतशाळेतील पोलादी टोपाचे बूट आणि उष्णतारोधक हातमोजे पुरुषांच्याच मापाचे मागविले जातात. सैल मोज्यात सांडशी निसटते, आणि मग ‘बायकांना जमत नाही’ असा शेरा पडतो. भांडार अधिकाऱ्याने मागणीपत्रात लहान मापांचा एक रकाना वाढविला तर हा शेरा पुसला जाईल. स्वच्छतागृहाविषयी निराळे लिहावयास नको.

प्रवेशाची वाट

ज्या पालकांना आपल्या पाल्याला या शास्त्राकडे पाठवावयाचे आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती. बारावीनंतर धातुशास्त्राची पदवी पुणे व वडोदरा येथील जुन्या अभियांत्रिकी संस्थांत, नागपूर व सुरतकल येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत, तसेच मुंबई, इंदूर आणि हैदराबाद येथील आयआयटींत घेता येते. हैदराबादला संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळाही आहे. आयआयटींमध्ये मुलींची संख्या फार अल्प राहिल्याने २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या. मुलांच्या जागा कमी न करता मुलींचे प्रमाण त्या वर्षी १४ टक्के व २०२० पर्यंत २० टक्के करण्याचे ठरविण्यात आले होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती मुलींसाठी आणि ‘सक्षम’ शिष्यवृत्ती दिव्यांगांसाठी असून पदवी व पदविका या दोन्ही अभ्यासक्रमांना ती मिळते. रक्कम वर्षाला ५०,००० रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेवर न मिळाल्याने अर्ज राहून जातात, हा नेहमीचा अनुभव आहे. तलाठी व मामलेदार कार्यालयांनी निकालाच्या सुमारास हे दाखले अग्रक्रमाने द्यावेत.

शाळेतील विज्ञान शिक्षकांना एका तासिकेत करता येईल असा एक प्रयोग सुचवितो. शिवणाच्या तीन साध्या सुया, चिमटा, स्पिरिटचा दिवा किंवा गॅसची शेगडी आणि पाण्याचे भांडे एवढे साहित्य पुरते. डोळ्यांना चष्मा असावा. पहिली सुई लाल तापवून हवेत सावकाश निवू द्यावी. ती तारेसारखी वाकते. दुसरी लाल करून चटकन पाण्यात बुडवावी. वाकविण्याचा प्रयत्न करताच ती कटकन मोडते, म्हणून ती फडक्यात धरावी. तिसरीला तसेच पाणी देऊन, घासून चकचकीत करून, पुन्हा ज्योतीच्या वर दूर धरावी. प्रथम पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग तिच्यावरून सरकताना दिसेल. निळा येताच बाजूला घ्यावी; ही सुई वाकते आणि सोडली की पुन्हा सरळ होते. चिमटा धरण्याचे काम वर्गात नेहमी पुढे येणाऱ्या दोन-तीन मुलांकडेच जाते. ते हजेरीपटाच्या क्रमाने द्यावे.